देखणं गॅजेट घेताना मी आधी त्याची बॅटरी का पाहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवे इअरबड्स घ्यायचेत, जमलं तर मनगटावर किंवा बोटात घालायला काहीतरी, शिवाय एक पॉवर बँक आणि घरात ठेवायला एखादं स्मार्ट उपकरण. सगळं दिसायला छान हवं आणि दोन-तीन वर्षं तरी चालायला हवं. रिव्ह्यू बघून बघून डोकं भंजाळलंय, कारण जो तो आवाज, स्क्रीन आणि डिझाइन याबद्दलच बोलतो.

रिव्ह्यू करणाऱ्याकडे वस्तू पहिल्या आठवड्यात पोचते. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ती दीड-दोन वर्षांनी येते, तेव्हा माझं मत त्या अंगाने बनलेलं आहे. पण एक आधीच सांगतो, ‘दिसण्यावर जाऊ नका’ हा सल्ला मी देणार नाही. रोज हाताळायची वस्तू हातात घ्यावीशी वाटलीच पाहिजे. सोनीचा १९७९चा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, निळा आणि चंदेरी, आजही टेबलावर ठेवला तर नजर तिकडे जाते. त्यात दोन साधे पेन्सिल सेल पडायचे. आतला रबरी पट्टा सैल झाला तर बदलायचा, सेल संपले तर नवे टाकायचे, की गडी पुन्हा सुरू. देखणेपणा आणि आयुष्य यांचं वैर तेव्हा नव्हतं, आजही असायला नको. फरक एवढाच पडला की तेव्हा सेल वस्तूच्या बाहेरचा होता, आता तो आत डिंकाने चिकटवलेला असतो.

म्हणून कुठलंही चकचकीत खोकं समोर आलं की मी एकच विचारतो: हे मरणार कशाने? सहसा त्याची उत्तरं तीन. बॅटरीने, पाण्या-घामाने किंवा कंपनीने सर्व्हर बंद केल्याने. चौथं कारण म्हणजे हातातून पडणं, पण त्याला रिव्ह्यूचा उपयोग नाही.

इअरबड्सपासून सुरुवात करू, कारण तिथे हे सगळं सर्वात उघडं दिसतं. बडमधला सेल जेमतेम तीस ते साठ एमएएचचा (एमएएच म्हणजे बॅटरीची साठवण मोजायचं माप) असतो, म्हणजे फोनच्या बॅटरीचा शंभरावा भाग. लिथियम-आयन सेल साधारण पाचशे पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाले की मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतो. आता हिशेब करा. बड एका चार्जवर पाच तास चालतो आणि तुम्ही तो रोज पाच तास वापरता, तर रोज एक फेरा खर्च होतो. पाचशे फेरे सोळा-सतरा महिन्यांत संपले. तेच बड आठ तास चालत असतील तर त्याच वापराला रोज पाऊण फेराही लागत नाही, आणि तोच टप्पा यायला सव्वादोन वर्षं लागतात. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘केससह चाळीस तास’ हा आकडा मी वाचतच नाही. त्याखाली बारीक अक्षरात नुसत्या बडचे तास दिलेले असतात, ते वाचा. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबायची सोय, सुरू ठेवून किती, तेही बघा. ते सुरू असताना तास बऱ्यापैकी घटतात आणि तुम्ही ते सुरूच ठेवणार आहात.

दोन बडपैकी एकच आधी दमतो, असं बरेच जण सांगत येतात. त्यात गूढ काही नाही. ज्या कानात फोनवर बोलायची सवय असते तो बड जास्त वापरला जातो. अधूनमधून बाजू बदलली तर दोघं बरोबरीने म्हातारे होतात.

आणि बॅटरी बदलता येते का? बहुतेक मॉडेलमध्ये कवच चिकटवलेलं असतं, ते उघडायचं म्हणजे मोडायचं. काहींमध्ये गोल बटणासारखा सेल असतो, तो धीराने काढून बदलता येतो. दुरुस्त करायला सोपे फोन बनवणाऱ्या फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या फेअरबड्समध्ये तर बडचे आणि केसचे दोन्हीकडचे सेल वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतात. ते जगातले सर्वांत सुंदर बड आहेत असं मी म्हणणार नाही, पण लहान वस्तूत हे जमतच नाही, ही सबब त्यामुळे उरली नाही.

‘एका बडचा आवाज गेला’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा बड ठणठणीत असतो. तोंडावरची बारीक जाळी कानातल्या मळाने बुजलेली असते. भिंगाखाली बघितलं की पिवळसर थर स्पष्ट दिसतो. जाळी खाली तोंड करून धरायची आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडायची, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. टाचणी अजिबात घालू नका. जाळी फाटली की मळ थेट स्पीकरवर. बड चार्ज होत नसेल तर केसच्या तळाशी असलेल्या सोनेरी पिना पाहा. त्यांच्यावर घामाचा आणि त्वचेच्या तेलाचा थर चढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून पुसलं, सुकू दिलं, की निम्मे ‘मेलेले’ बड उठून बसतात. नवीन जोडी घेण्याआधी जुन्यावर हे करून बघा. कदाचित खरेदीच पुढे ढकलता येईल.

आवाजाबद्दल थोडक्यात. कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आकसून पाठवायच्या पद्धतींच्या, नावांवर लोक वितंडवाद घालतात. आयफोन असेल तर तो एएसी वापरतो, एलडीएसीचे पैसे तिथे वाया जातात. अँड्रॉइडवर एलडीएसी ९९० केबीपीएसपर्यंत जातं, पण गर्दीच्या ठिकाणी सिग्नल टिकवायला ते स्वतःच खाली येतं. यापेक्षा कानात रबरी टोपी नीट बसते का, याने आवाजात कितीतरी जास्त फरक पडतो. टोपी सैल असेल तर खर्ज गळून जातो आणि नॉइज कॅन्सलेशनही लंगडं पडतं. तसंही ते इंजिनाची घरघर, पंख्याची गुणगुण असे खालच्या पट्टीतले सलग आवाज चांगले दाबतं. शेजाऱ्याचं बोलणं पूर्ण गायब होईल अशी आशा धरू नका.

आता दिसण्याकडे वळतो, कारण तिथेही माझ्याकडे सांगण्यासारखं आहे. हाताला मखमलीसारखा लागणारा मॅट लेप दुकानात फार भुरळ घालतो. तो बहुतेक वेळा पॉलीयुरेथेनचा रबरी थर असतो. दमट हवा आणि हाताचं तेल यांनी काही वर्षांत तो विघटित होतो आणि वस्तू चिकट व्हायला लागते, आधी कडांना, मग सगळीकडे, आणि त्यावर धूळ अशी बसते की पुसून निघत नाही. अल्कोहोलने खरवडून तो थर पूर्ण काढता येतो, खालचं साधं प्लॅस्टिक उघडं पडतं आणि वस्तू आणखी कित्येक वर्षं चालते, फक्त ती तुम्ही घेतलेली वस्तू दिसत नाही. त्यामुळे रंग प्लॅस्टिकच्या अंगातच मिसळलेला असेल तर मी त्याला पसंती देतो. ओरखडा उठला तरी खालचा रंग तोच. आरशासारखं चकचकीत काळं प्लॅस्टिक मात्र फोटोपुरतंच चांगलं. पहिल्याच आठवड्यात त्यावर केसाएवढ्या रेघा दिसू लागतात.

धातूत ॲनोडाइज केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर कडक थर चढवलेलं, ॲल्युमिनियम हलकं आणि रंगीत मिळतं, पण तो थर फक्त काही मायक्रॉनचा असतो आणि कडा झिजल्या की खालचा पांढरा धातू डोकावतो. गडद रंगात हे जास्त दिसतं, चंदेरीत जवळपास कळत नाही. स्टीलवर ओरखडे पडतात, पण ते पॉलिश करून घालवता येतात. घड्याळाच्या काचेचं म्हणाल तर सफायर कठीणपणा मोजणाऱ्या मोह्‌सच्या मापावर नऊवर आहे, साधी कडक केलेली काच सहाच्या आसपास, आणि वाळूतला क्वार्ट्झ सातवर. म्हणजे धुळीच्या कणाने काचेवर रेघ उठते, सफायरवर नाही. उलट, दगडी फरशीवर आपटलं तर सफायर तडकायला मागेपुढे बघत नाही. ज्यांचा हात सारखा भिंतीला, दाराला घासतो त्यांनी सफायर घ्यावा. ज्यांच्या हातून वस्तू पडतात त्यांनी घेऊ नये.

घड्याळ की रिंग? रिंग दिसायला नाजूक, झोपेत अडचण होत नाही, स्क्रीन नसल्याने सारखं लक्ष विचलितही होत नाही. पण आतून तिची अवस्था अशी की वाकवलेला चिमुकला सेल, सर्किट आणि सेन्सर हे सगळं रेझिनमध्ये ओतून गोठवलेलं असतं. ते उघडायचं म्हणजे कापायचंच. बॅटरी उतरली की रिंग संपली, दुरुस्ती नावाचा प्रकारच नाही. हे मान्य असेल तर खुशाल घ्या, पण ती दागिन्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, अशा भ्रमात राहू नका. मापाचा नमुना संच मागवून तो पूर्ण दिवस-रात्र बोटात घालून बघा. उन्हाने, व्यायामाने, झोपेत बोट सुजतं. घड्याळाची बॅटरी निदान बदलता येते, जरी पाणी अडवणारी सील पुन्हा नीट बसवणं हे त्यातलं खरं कौशल्याचं काम असलं तरी.

दोन्हींत नाडी मोजायची पद्धत एकच. प्रकाश त्वचेत सोडायचा, परत किती आला ते मोजायचं. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्यासाठी. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. पट्टा सैल असेल, मनगटावर गोंदण असेल किंवा थंडीत हात गार पडले असतील तर आकडे भरकटतात. चालण्याची, झोपेची दिशा समजायला हे पुरेसं आहे. मात्र सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो असा दावा करणारं घड्याळ किंवा रिंग दिसली तर सरळ पुढे जा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा उपकरणांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. मधुमेही माणसाने त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

पाण्याचा विषय घड्याळाबरोबरच उरकतो. खोक्यावर धूळ-पाणी किती अडतं ते ‘आयपी’ आकड्याने सांगितलेलं असतं. आयपी६७ मधला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, म्हणून तो आकडा दोन कंपन्यांमध्ये सारखा नसतो. आयपीएक्स४ मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी केलेलीच नाही आणि चार म्हणजे फक्त शिंतोडे. ह्या चाचण्या नव्या वस्तूवर, साध्या पाण्यात होतात. साबणाचं पाणी, गरम वाफ, समुद्राचं खारं पाणी यांचा त्यात हिशेब नाही. साबण सीलच्या फटीतून आत सरकतो, कारण तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. अंघोळीच्या वेळी घड्याळ घालणारे आणि नंतर ‘वॉटरप्रूफ होतं ना’ म्हणून आश्चर्य करणारे खूप भेटतात.

पॉवर बँक हा देखणेपणाला सर्वांत कमी महत्त्व द्यायचा भाग. दहा हजार एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा आहे, म्हणजे ३७ वॉट-तास. फोनला जाणारा प्रवाह ५ व्होल्टवर मोजला तर ते ७,४०० एमएएच होतात, आणि रूपांतरात जाणारी उष्णता वजा केली की हातात साडेसहा हजारांच्या आत-बाहेर उरतात. कंपनीने फसवलेलं नसतं, पण पाठीवर ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून हाच छोटा आकडा छापलेला असतो, तो पाहून घ्या. तोच छापलेला नसेल तर ती पॉवर बँक खाली ठेवा. विमानाने जात असाल तर १०० वॉट-तासांपर्यंतची केबिनच्या सामानातच न्यायची, चेक-इन बॅगेत नाही; वीस हजार एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, ती त्यात बसते.

आता माझा आवडता मुद्दा, ज्याने दुकानातच दोन मिनिटांत वस्तूची पारख होते. यूएसबी-सीचं तोंड असलेलं एखादं छोटं उपकरण घ्या: दिवा, ट्रिमर, स्पीकर, काहीही. त्याला दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून नव्या चार्जरला जोडा. चार्जिंग सुरू झालं तर ठीक. नाहीच झालं आणि त्याच्यासोबत आलेल्या, एका टोकाला जुनं चौकोनी ए असलेल्या केबलने मात्र झालं, तर आत काय नाही ते मी न उघडता सांगतो. सी पोर्टच्या दोन ठरावीक पिनांपासून सर्किटच्या ग्राउंडकडे (वजा बाजूकडे) ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावायचे असतात. ते असले की चार्जरला कळतं की समोर वीज घेणारं उपकरण आहे, आणि मगच तो वीज सोडतो. ते रेझिस्टर तीळभर आकाराचे आणि जवळजवळ फुकटात पडणारे असतात. जो बनवणारा तेवढीही काटकसर करतो, त्याने बॅटरीच्या संरक्षक सर्किटमध्ये काय केलं असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. बाहेरून ते उपकरण कितीही गोंडस असो, मी ते परत ठेवतो.

केबलच्या बाबतीतही सारखं दिसणारं सारखं नसतं. काही सी केबल आतून यूएसबी २.० च्या वेगाच्या, ४८० एमबीपीएसच्या असतात, काही ४० जीबीपीएसच्या. साठ वॉटच्या पुढे वीज न्यायची असेल तर केबलच्या टोकात एक ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर चार्जर स्वतःच हात आखडता घेतो. फोन हळू चार्ज होतो म्हणून येणाऱ्यांना मी आधी केबल बदलायला लावतो, आणि त्याआधी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघतो. खिशातल्या कपड्याचा भुगा तिथे दाबून बसलेला असतो. उपकरण बंद करून लाकडी काडीने तो अलगद काढता येतो.

वायरलेस चार्जिंगवर मी फारसा खूश नाही. टेबलावर सुंदर दिसतं हे खरं, पण फोन कॉइलच्या मध्यावरून सरकला की वीज उष्णतेत जाते, आणि उष्णता हाच लिथियम सेलचा मोठा शत्रू. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या क्यूआय२ या वायरलेस चार्जिंगच्या मानकामध्ये लोहचुंबक असल्याने फोन आपोआप जागेवर बसतो, हा खरा सुधार. घ्यायचाच असेल तर तोच घ्या आणि जाड कव्हर काढून ठेवत जा.

घरातल्या स्मार्ट उपकरणाला मी सर्वांत कडक परीक्षा लावतो, कारण त्याला मारायला बॅटरीची गरज नसते. गुगलच्या नेस्टने विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह कंपनीचा होम हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारा डबा, २०१६ मध्ये दूरवरूनच निकामी करण्यात आला. स्पॉटिफायचं कार थिंग, गाडीत गाणी लावायचा छोटा स्क्रीन, डिसेंबर २०२४ मध्ये बंद पडलं. ह्युमेनची एआय पिन, कपड्यावर लावायची ती देखणी चौकोनी वस्तू, एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आली आणि २८ फेब्रुवारी २०२५ला सर्व्हर बंद झाल्यावर तिचं मुख्य काम थांबलं. पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचा (घराचं तापमान राखणाऱ्या यंत्राचा) ॲपशी संबंध ऑक्टोबर २०२५ मध्ये तुटला, पण ते भिंतीवर हाताने फिरवून अजून चालतात. हा शेवटचा फरक महत्त्वाचा. म्हणून दुकानात विचारा: इंटरनेट नसताना हे चालतं का? दिव्याला साधं बटण आहे का? मॅटर हे सामायिक मानक, ज्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, ते पाळणारी उपकरणं घरातल्याच नेटवर्कवर आपसात बोलतात, त्यामुळे एका कंपनीच्या मर्जीवर सगळं अवलंबून राहत नाही. उत्तर ‘आमच्या ॲपशिवाय चालत नाही’ असं आलं तर तुम्ही वस्तू नव्हे, वर्गणी घेताय असं समजा.

फोनच्या बाबतीत चित्र सुधारतंय. गुगलने पिक्सेल ८ पासून, सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. युरोपियन महासंघात जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनला ८०० फेऱ्यांनंतरही ऐंशी टक्के क्षमता टिकवणं बंधनकारक झालं, आणि फेब्रुवारी २०२७ पासून बऱ्याच लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता येईल अशी असावी असा नियम लागू होतोय. घाई नसेल तर पुढच्या पिढीची वाट पाहण्यात फायदा आहे, विशेषतः इअरबड्समध्ये.

तुमच्या यादीवर माझा कौल: इअरबड्स घ्या, बडचे स्वतःचे तास सात-आठ असलेले, अंगातच रंग असलेले. घड्याळ घ्या, रिंग नको. पॉवर बँक दहा हजारांची, पाठीवर पूर्ण माहिती छापलेली. स्मार्ट दिवा घ्यायचा तर मॅटरवाला आणि बटणाचा, नाहीतर साधा दिवा आणि चांगला शेड, तोच जास्त शोभेल.

घेतल्यावर एखादी वस्तू महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, चाळीस ते साठ टक्क्यांवर बंद करून सावलीत ठेवा. आणि कधी बड, बँक किंवा फोनची पाठ फुगलेली दिसली, कवच एका कडेने वर उचललेलं जाणवलं, तर ते दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, टोचू तर मुळीच नका. आतल्या सेलमध्ये वायू साचलेला असतो. धातूच्या डब्यात किंवा वाळूवर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे तसंच, न उघडता, नेऊन द्या. घरच्या कचऱ्यात ते कधीच टाकायचं नसतं.